दोन मोरांच्या मधली जागा

आमचे मास्तर कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी बसायला घातलेल्या चादरीचं टोक उलटून बघायचे. मग ते घर लग्नाचं असो नाहीतर दहाव्याचं. आमच्याबरोबर काम करणाऱ्या शिवलीलाच्या साखरपुड्याला आम्ही मैंदर्गीला गेलो होतो, तिथं हे गृहस्थ नवऱ्या मुलाच्या काकांच्या खांद्यावरचं उपरणं दोन बोटांत धरून उलटत होते. काका कानडीत काहीतरी बोलले.

"मास्तर, ते इचारतायत, काय हरवलंय का म्हणून," शिवलीला कसंनुसं हसत म्हणाली.

"त्यांना सांग, पाठ बघतोय. पाठ चांगली हाय. सोयरीक करायला हरकत न्हाई."

तिनं ते कानडीत सांगितलं. काका इतके खूश झाले की मास्तरांच्या पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तीनदा वाढली गेली, आणि आम्हाला एकदाच.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात ते डिझाइन मास्तर होते. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवून ते चादरीची नक्षी काढायचे. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं बांधून मागावर चढवायची, आणि मग भोकांप्रमाणं धागे वरखाली होऊन नक्षी विणली जायची. मी त्याच कारखान्यात कंप्युटरवर नक्षी काढायला लागले होते. खरं म्हणजे मला त्यांच्या जागेवरच घेतलं होतं, पण हे तोंडावर कुणीच बोलत नव्हतं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला "काय कंप्युटर, जेवलीस का?" अशी हाक मारली आणि पुढं माझं नाव तेच पडलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. ते हाक मारायचे त्यात कुचकेपणा नव्हता.

दुपारी आम्ही चौघं सायकलस्टँडच्या पत्र्याखाली डबे उघडायचो. मी, हिशेबाच्या ऑफिसातली शिवलीला, रंगखात्यातले जब्बारभाई आणि मास्तर. मास्तर कडक भाकरीचे आधी सारखे चौकोनी तुकडे करायचे, एका रांगेत मांडायचे आणि मग शेंगाचटणीबरोबर एकेक उचलायचे. तुकडा वाकडा मोडला तर तो कुत्र्याला. आमच्या पत्र्याखालचं कुत्रं त्यामुळं उपाशीच असायचं.

याच पत्र्याखाली मास्तरांना कंदील्या भेटला.

मी कॉलेजपासून एक जपानी चित्रकथा वाचत आले आहे. मांगा म्हणतात तसली, दर आठवड्याला एक भाग येणारी. पाठीवर मोठा कंदील बांधून एक पंधरा वर्षांचा पोरगा गावोगाव फिरतो. कंदील ज्याचा आहे त्याला परत द्यायला तो निघालाय. प्रत्येक गावात कुणीतरी दिवे विझवलेले असतात, तो त्याच्याशी भिडतो, मार खाऊन पडतो, पडल्या पडल्या त्याला आईचे शब्द आठवतात, कंदील पेटतो आणि तो जिंकतो. मग पुढचं गाव. मी वाचायला लागले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि अजूनही पंधराच आहे. खरं नाव उच्चारायला अवघड, म्हणून आम्ही त्याला कंदील्या म्हणायचो. शिवलीला माझ्यामुळं वाचायला लागली आणि जब्बारभाई आपल्या मुलीमुळं.

मास्तरांनी एकदा माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. त्या चित्रकथा उजवीकडून डावीकडं वाचायच्या असतात. नवीन माणूस हमखास चुकतो, मग शेवट आधी आणि सुरुवात नंतर वाचून डोकं धरतो. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर मास्तरांचं बोट पानाच्या उजव्या कोपऱ्यातून बरोबर डावीकडं निघालं होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? आमी जन्मभर उलटंच बघितलंय की. मागावर सुलट बाजू खाली असतीय, आपल्याला दिसतीय ती पाठ."

ती कथा मोबाइलवर इंग्रजीत यायची आणि मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं मराठी करून वाचायचे. माझ्या तोंडी कंदील्या "मी पडलो हाय, मेलो न्हाय" असं अस्सल सोलापुरी बोलायचा. मास्तर निम्मं ऐकायचे. चित्र बघतच ते पुढं जायचे आणि मी दोन पानं मागं राहायचे.

मग वाद सुरू झाले. दर आठवड्याचा भाग आला की जेवणाची सुट्टी त्यातच जायची. जब्बारभाईंचं पालुपद एकच. "हर बार वोइच. गिरता, रोता, उठता. कंदील पेटता. मेरी बीवी की सीरियल में बी ऐसाइच होता." शिवलीला म्हणायची, पडू दे की, पण निदान दर वेळी आई तरी नको. आणि मी सगळ्यांत कडक. लेखकाला आता काही सुचत नाही, खप आहे म्हणून रेटतोय, दहा वर्षांपूर्वी संपवायला हवं होतं, वगैरे. हे सगळं म्हणत मी दर आठवड्याला पहिली वाचायचे, तो भाग वेगळा.

मास्तर मात्र उलटीकडं. "तेच तेच येतंय ही काय तक्रार हाय व्हय? चादरीत मोर एकच असतोय. तोच परत, तोच परत. एकदाच काढला तर ते चित्र झालं, चादर न्हाई झाली."

"मग कुणीही काढील की!"

"मोर कुणीबी काढील," मास्तर भाकरीचा चौकोन उचलून म्हणायचे. "दोन मोरांच्या मधली जागा कोण काढणार?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एक मोर कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, तो जोड दिसला की चादरभर पट्टा उठतो आणि डोळ्याला खुपतो. तो दिसू न देणं हीच त्यांची सगळी विद्या. कंदील्याच्या गोष्टीतही त्यांना लढाया आवडायच्या नाहीत. एक गाव संपून दुसरं लागेपर्यंत जी पाच-सहा पानं असतात, ज्यात तो ओढ्यात पाय धुतो, भात शिजवतो, फडक्यानं कंदिलाची काच पुसतो, त्या पानांवर ते थांबायचे. ती पानं आम्ही तिघंही बोटानं सरकवून पुढं जायचो. मास्तर माझा हात धरायचे. "थांब की. पोरगं काच पुसतंय."

एकदा शिवलीला सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेली आणि धावतच परत आली. "अय्य, चल लवकर. मास्तरांनी कंदील्याचा ग्राफ काढलाय!" खरंच काढला होता. एका भागाला एक चौकट. पडला तर लाल, आई आठवली तर पिवळी, उठला तर हिरवी, आणि मधल्या निवांत भागाला काही नाही, चौकट कोरी पांढरी. माझ्याकडून मागून घेतलेल्या जुन्या भागांसकट कंदील्याची कितीतरी वर्षं त्या कागदावर पसरली होती. लांबून बघितलं तर छान पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल वाटला असता.

"बघ," मास्तर मला म्हणाले, "लाल-पिवळं-हिरवं जसंच्या तसं हाय. त्यात चूक न्हाई. चूक हितं हाय." त्यांनी अलीकडच्या ओळींवर बोट ठेवलं. पांढऱ्या चौकटी कमी कमी होत गेल्या होत्या. "ह्यो माणूस आता काच पुसायला येळ देईना झालाय. मोराला मोर चिकटवतोय. म्हणून तुमाला कंटाळा येतोय, आणि तुमी मोराला शिव्या देताय."

इतकी वर्षं मोबाइलवर या कथेवरून भांडणाऱ्या लोकांचं मी वाचत होते. इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. पण तसं त्यांना म्हटलं नाही, कारण वादात हरल्यावर गप्प बसण्याचा माझा स्वभाव नाही.

आता जे झालं ते सांगायला मला अजूनही अवघड वाटतं. त्या आठवड्याच्या भागात कंदील्या पुन्हा पडला, पुन्हा आई, पुन्हा कंदील. माझं डोकं फिरलं. मी भर जेवणात म्हणाले, "ज्याला नवीन सुचत नाही तोच जुनं परत परत काढतो. आणि आपण येडे, त्याचं कौतुक करत बसतो!"

जब्बारभाई हसले नाहीत. शिवलीलानं खाली बघितलं. त्याच सकाळी धाकट्या मालकांनी मास्तरांना बोलावून सांगितलं होतं की तुमची मोराची चादर बंद करायची आहे. बाजाराला नवीन पाहिजे. कार्डांवर चालणारा शेवटचा मागही महिन्याभरात भंगारात जाणार होता, आणि मास्तरही त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही माझ्या तोंडातून ते गेलं, आणि मी कंदील्याबद्दल बोलले होते हे खरं असलं तरी त्याला काही अर्थ नव्हता.

मास्तरांनी उरलेले चौकोन गोळा केले आणि डबा बंद केला. "बरोबर हाय तुजं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पत्र्याखाली आले नाहीत.

त्या रविवारी होटगीला घरी होते. वडील रेल्वेत होते, रात्रपाळीला जाताना नेहमी एक चादर खांद्यावर टाकून जायचे. माझ्या जन्माआधीची ती चादर, कोपऱ्यात आमच्याच कारखान्याचं नाव, कितीदा धुतली असेल. तिच्यावर मोर आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते कुणी काढले असतील हा विचार कधी मनात आला नव्हता. मी ती जमिनीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून दोन मोरांच्या मध्ये जोड शोधायला लागले. पिसाऱ्याखाली बोट फिरवलं, पायापाशी फिरवलं. नाही सापडला. आई म्हणाली, "काय गं, ढेकूण झाले का काय?" मी तिथंच बसून रडले. आईला वाटलं ढेकूणच झालेत, तिनं चादर उचलून उन्हात टाकली.

पण मास्तरांना जाऊन हे सांगायचं धाडस मला झालं नाही. सॉरी म्हणणं सोपं होतं. त्यांच्या टेबलापुढं उभं राहणं सोपं नव्हतं.

मग धाकट्या मालकांनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मास्तरांना सांगितलं, माग उतरवायच्या आधी त्यावर तुमच्या मनाची एक चादर विणा. शेवटची. सगळा कारखाना म्हणाला, मोरच येणार, दुसरं काय येणार? मास्तर तीन आठवडे घरी कागद रंगवत बसले, कार्डांना भोकंही स्वतःच पाडली आणि पुठ्ठे कुणाला बघू दिले नाहीत. माझ्या बोलण्याला त्यांनी दिलेलं उत्तर त्या चादरीवर येणार होतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

चादर मागावरून उतरली तेव्हा रंगखातं, शिलाईखातं, सगळे भोवती गोळा झाले होते. मास्तरांनी ती स्वतः उलटली. मोर नव्हता. चार ओळींत चार-चार असे सोळा कंदील्ये, गडद लाल केस, पांढरे चेहरे, मांडी घालून फडक्यानं काच पुसत बसलेले. लढाई नाही, आई नाही. कारखान्यात कंदील्याला ओळखणारे आम्ही चौघंच, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. जब्बारभाई म्हणाले, "मास्तर, ये तो फिर वोइच हुआ! मोर की जगा कंदील्या!" आणि मास्तर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसले. मी जोड शोधत होते, तो इथंही दिसत नव्हता.

"पण व्रण उजवीकडं कसा?" शिवलीला म्हणाली.

कंदील्याच्या डाव्या भुवईवर जखमेचा व्रण आहे. पहिल्या भागापासून आहे. चादरीवर तो उजव्या भुवईवर होता, आणि एकदा नव्हे, सोळा वेळा. मी मोबाइल काढला, मास्तरांनी बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणायचं असतं, ते अक्षर उलटं आलं तर बाजारात नाक कापलं जातं. उभ्या आयुष्यात मास्तरांचं एक अक्षर उलटं आलेलं नव्हतं. नवशिका चुकतो ती चूक शेवटच्या चादरीत त्यांच्याकडून झाली.

"मागासाठी उलटं काढायचं असतंय, ते काढलं," ते हळू म्हणाले. "पण त्याच्या आधी वाटलं, ते जपानी लोक उलटं छापतात, म्हणून घरी एकदा सुलटं करून घेतलं. पुस्तक उलटं असतंय, चित्र न्हाई. दोनदा उलटलं म्हंजे एकदाबी न उलटल्यासारखंच की." त्यांनी चप्पल घातली. "कंप्युटरवर झालं नसतं असं." आणि चादर तिथंच ठेवून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी माग खोलायला माणसं आली. पुन्हा विणायचा प्रश्नच उरला नाही.

चादर मास्तरांच्या घरी पोचवायची म्हणून आम्ही तिघं ती घडी घालायला बसलो. एका बाजूला मी, एका बाजूला जब्बारभाई. मध्ये धरताना ती उलटली.

आता सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त पाठीला रंगांची अदलाबदल होते. लाल तिथं पांढरं, पांढरं तिथं लाल. आणि डावं असतं ते उजवं होतं. मी रोज तेच काम करत होते, पण त्या दिवशी हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

व्रण डाव्या भुवईवर होता. चेहरा उन्हानं रापल्यासारखा गडद झाला होता, आणि केस पांढरेशुभ्र. काच पुसत बसलेले सोळा म्हातारे आमच्याकडं बघत होते.

"यव्वा!" शिवलीला म्हणाली. "म्हातारा झाला की हा!"

आम्ही रिक्षा करून पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मास्तरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते, चेहरा पडलेला. मी चादर पाठ वर करून त्यांच्यापुढं पसरली. मास्तरांनी सवयीनं टोक उलटायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. मग एका म्हाताऱ्याच्या भुवईवर अंगठा ठेवून म्हणाले, "हां. एवढी वर्सं चालला, तर केस पिकायलाच पायजेत की."

तेव्हा कुठं मला बोलता आलं. "मास्तर, त्या दिवशी मी चुकले. आमच्या घरी तुमच्या मोराची चादर आहे. लहानपणापासून आहे. मी जोड शोधला, सापडला नाही."

त्यांनी मान वर केली. "कुटं शोधलास?"

"पिसाऱ्याखाली. पायापाशी."

"तितं न्हाईच!" मास्तर गुडघ्यावर थाप मारून ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. "चोचीपाशी हाय! आजवर कुणाला घावला न्हाई. तुला म्हणून सांगतो." आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. ओरडायला काय झालं म्हणून तिनं तेलुगूत विचारलं, आणि मास्तरांनी तिला चोच, कंदील, व्रण हे सगळं एका दमात सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही.

आता मास्तर निवृत्त आहेत. मी दर रविवारी नवा भाग घेऊन जाते. कंदील्या अजून पंधरा वर्षांचाच आहे आणि परवा पुन्हा पडला. मी चिडून सांगायला लागले की मास्तर थांबवतात. "ते असू दे. मधी काय केलं त्यानं?" मधे काही केलेलं असलं तर आम्ही ते आधी बघतो. नसलं तर मास्तर लेखकाला तेलुगूत दोन शब्द सुनावतात.

चादर त्यांच्या पलंगावर असते. गेल्या रविवारी गेले तेव्हा काकू तिच्यावरूनच कुरकुरत होत्या. "बघ की गं, काय ताप हाय. सकाळी मी सुलट बाजू वर करून घालते, सोळा पोरं. ह्यांची अंघोळ झाली की हे येऊन उलटी करतात, सोळा म्हातारे. माझ्या घरात रोज सोळा पोरं म्हातारी होतात."

मास्तर भाकरीचे चौकोन मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी परत पोरं होतात की. तू घालतीस म्हणून."